रस्त्याकडेच्या झाडांचं आरोग्य : पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की झाडांबद्दल विचारणा वाढते, आणि मे महिन्यात पहिला वळीव कोसळला की फोन थांबत नाहीत. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आधीच सांगतो, प्रश्न पानांचा असो, फांदीचा असो की किडीचा, उत्तर बरेचदा जमिनीत सापडतं. झाडाची तब्येत बघायला आपण मान वर करतो. पुण्यातल्या रस्त्यांवरची झाडं मात्र बहुतेक वेळा खालून मरतात.

आमच्या दारातल्या झाडाची सगळी पानं गळली. वाळलं का ते?

आधी झाड कुठलं आणि महिना कुठला ते सांगा. पुण्यातली निम्मी झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर उघडी पडतातच. पांगारा आणि काटेसावर तर पानं टाकूनच फुलतात. गुलमोहराच्या नुसत्या काळ्या शेंगा लोंबत असतात. बहावा एप्रिलमध्ये केविलवाणा दिसतो आणि पुढे पिवळ्या घोसांनी लगडतो. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो, पण लगेच तांबूस पालवी येते, त्यामुळे तो फार दिवस उघडा राहत नाही.

शंका असेल तर एका बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर आणखी खालच्या, जाड फांदीवर तेच करून पाहा.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची. भर पावसाळ्यात पानं नसणं. दरवर्षी पानांचा आकार लहान होत जाणं. शेंड्याकडच्या फांद्या एकेक करून वाळणं आणि पालवी फक्त खोडाला चिकटून फुटणं. किंवा झाडाची रस्त्याकडची अर्धी बाजू सुकलेली आणि बंगल्याकडची हिरवीगार.

शेंडे वाळतायत म्हणजे कीडच लागली असणार. कुठलं औषध मारू?

थांबा. औषधाच्या दुकानात जाण्याआधी एक गोष्ट आठवून बघा : गेल्या तीन-चार वर्षांत या झाडाजवळ खोदाई झाली होती का? ड्रेनेजची लाइन, केबल, नवा फूटपाथ, रस्त्याचं काँक्रिटीकरण, सोसायटीची सीमाभिंत, काहीही. दहातल्या सात-आठ वेळा तरी उत्तर ‘हो’ येतं, फक्त कुणी त्याचा संबंध झाडाशी जोडलेला नसतो. मोठ्या झाडाकडे साठा असतो, मुळं तुटली तरी एखाद-दोन पावसाळे ते त्यावर काढतं. मग शेंडे वाळायला लागतात आणि आपण फवारणीचा पंप शोधतो.

झाडाची मुळं खोल पाताळात जातात ही समजूत डोक्यातून काढा. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि पसरतात ती झाडाच्या घेरापलीकडे. त्यांना पाणी लागतं तशीच हवाही लागते. आता पुण्याच्या रस्त्याकडेला काय असतं ते बघा. खाली बसॉल्टचा कातळ, त्यावर दाबून बसवलेला मुरूम, कुठे काळ्या मातीचा थर, आणि या सगळ्यावर पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट. पाऊस चार महिने पडतो, पण तो झाडाशेजारून वाहत चेंबरमध्ये जातो. या झाडाला औषध मारून काय मिळणार?

बुंध्याला चिकटून काँक्रीट केलंय. किती जागा मोकळी असायला हवी?

किमान बुंध्यापासून चहूबाजूंनी एक मीटर. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत हाच आदेश दिला होता : एक मीटरच्या परिघातलं काँक्रीट काढा. पुण्यातही तक्रार करताना हा दाखला उपयोगी पडतो. मोठ्या पर्जन्यवृक्षाला किंवा वडाला एक मीटर म्हणजे जेमतेम श्वास घेण्यापुरती जागा, हे मात्र लक्षात असू द्या.

काँक्रीट काढायचं तर ब्रेकर लावू नका. त्याचे हादरे आणि टोक दोन्ही मुळांना लागतात. छिन्नी-हातोड्याने तुकडे करून हाताने उचलावेत. खाली मुळं वर आलेली दिसतील, ती तोडून ‘लेव्हल’ करायचा मोह होईल, तो आवरा. कुदळीने खणायचंही नाही. वरून दोन-तीन इंच कंपोस्ट आणि पालापाचोळा पसरा आणि पाणी द्या. माती भुसभुशीत करण्याचं काम गांडुळं करतील.

फूटपाथ महापालिकेचा असेल तर स्वतः तोडफोड करू नका. बुंध्याचे फोटो आणि नेमका पत्ता देऊन उद्यान विभाग आणि क्षेत्रीय कार्यालय दोघांकडे तक्रार करा, कारण झाड एकाचं आणि फूटपाथ दुसऱ्याचा असतो. सोसायटीच्या आवारातलं काँक्रीट मात्र सोसायटीनेच घातलेलं असतं, तिथे कमिटीची मीटिंग पुरते.

‘जागा मोकळी ठेवली तर आम्ही चालायचं कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. आजीला व्हीलचेअरवरून नेताना आळ्यात चाक अडकलं तर तिने झाडाचं कौतुक का करावं? त्यावर उपाय म्हणजे आळ्यावर फूटपाथच्या पातळीला बसणारी लोखंडी जाळी, किंवा सिमेंट न भरता मोठी खडी टाकून केलेला झिरपता पृष्ठभाग. जाळीचं भोक बुंधा वाढेल तसं मोठं करता आलं पाहिजे. नाहीतर पाच-सात वर्षांनी तीच जाळी झाडाचा गळा आवळते.

मग छान पार बांधून माती भरली तर?

कुठल्या झाडाला, यावर अवलंबून आहे. सदाशिव पेठेतला नागनाथ पार घ्या किंवा गावाकडचा कुठलाही, पार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वड नाहीतर पिंपळ येतो. ही मंडळी खोडातून नवी मुळं सोडू शकतात, त्यामुळे बुंध्याशी माती चढली तरी बरीच सहन करतात. कडुनिंब, पर्जन्यवृक्ष, गुलमोहर यांना ते जमत नाही. फूट-दीड फूट माती बुंध्याला लागून राहिली की साल कुजते आणि आधीची मुळं गुदमरतात. बुंधा जिथे जमिनीला टेकतो तिथे तो जरा पसरट दिसला पाहिजे. विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला तर वर माती चढली आहे, ती हलक्या हाताने उतरवा.

राडारोड्याचंही तेच. बांधकामाची वाळू, सिमेंटची पोती, फरशांचे तुकडे झाडाखाली टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे. सिमेंटचं धुतलेलं पाणी मुरलं की माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडायला लागतात.

उद्या रस्ता खोदणार आहेत. झाड वाचवायला आज काय करता येईल?

टेप घेऊन खाली उतरा. छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर मोजा, त्याला साधारण तीनने भागलं की व्यास मिळतो. व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंत मुळांचं राखीव क्षेत्र धरतात. म्हणजे दीड मीटर घेराच्या झाडाला जवळपास सहा मीटर. पुण्याच्या गल्लीत सहा मीटर सोडायचे म्हणजे समोरच्याच्या दिवाणखान्यातून चर न्यावा लागेल, हे मान्य. पण बोलणी सहावरून सुरू झाली तर निदान दोन-अडीच मीटर पदरात पडतात.

ठेकेदाराच्या माणसाशी भांडण्यापेक्षा तीन गोष्टी मागा. झाडाजवळच्या टप्प्यात जेसीबी नको, हाताने खोदा. मनगटाएवढं किंवा त्याहून जाड मूळ आलं तर ते न तोडता केबल किंवा पाइप त्याच्या खालून ओवा. आणि चर उघडा ठेवून आठवडाभर निघून जाऊ नका, उघडी मुळं उन्हात दोन दिवसांत सुकतात. तोवर ओली गोणपाटं टाकली तरी फरक पडतो. केबलसाठी तर आडवं बोअरिंग करून झाडाच्या खोल खालून जाता येतं. ते महाग पडतं, म्हणून कुणी आपणहून सुचवत नाही.

एखादं मूळ तोडावंच लागलं तर करवतीने सरळ कापा. जेसीबीच्या बकेटने ओढलेलं मूळ दूरपर्यंत चिरत जातं आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. बुंध्याच्या एका बाजूची सगळी आधारमुळं तोडली असतील तर ते झाड सावलीपुरतं उभं आहे असं समजा. त्याची तपासणी वळवाच्या आधी करून घ्या.

झाडावर ठोकलेले खिळे काढावेत की राहू द्यावेत?

वर दिसणारे, सैल झालेले, अलीकडचे खिळे काढा. सालीत बुडालेले, ज्यांच्यावरून झाडाने नवीन लाकूड चढवलंय ते राहू द्या, कारण ते उकरताना जुन्या जखमेपेक्षा मोठी जखम होते. काही वर्षांपूर्वी ‘खिळेमुक्त झाडं’ ही मोहीम पुण्यात गाजली होती, तेव्हा तरुण मुलांनी शहरभर फिरून पोत्यांनी खिळे आणि पत्र्याच्या पाट्या उतरवल्या. एक-दोन खिळ्यांनी झाड मरत नाही, हे खरं. पण प्रत्येक भोक म्हणजे बुरशीला उघडं दार. आणि तार गुंडाळून आवळलेली असेल तर प्रकरण गंभीर. अन्न खाली नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो, तो पूर्ण गोलाकार आवळला की मुळं उपाशी मरतात.

‘भाड्याने देणे आहे’, ‘गणिताचे क्लास’ आणि ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ या पुण्याच्या तीन अजरामर पाट्या. त्या आपापल्या फाटकावरही तितक्याच उठून दिसतात.

बुंध्याला गेरू-चुना लावावा का?

रात्री वाहनचालकांना झाड दिसावं यासाठी ठीक आहे. किडीपासून फार संरक्षण मिळतं असं नाही. साध्या चुन्याने नुकसान नाही, ऑइलपेंट मात्र कधीच नको.

पावसाळ्याआधी फांद्या छाटल्या पाहिजेत ना?

काही छाटल्या पाहिजेत. सगळ्या नाही, आणि सध्या छाटतात तशा तर नाहीच.

वाळलेल्या, चिरलेल्या, किडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि बस-ट्रकला लागणाऱ्या फांद्या काढणं ही छाटणी. झाडाचा माथाच उडवून खांबासारखं खोड उभं ठेवणं याला छाटणी म्हणत नाहीत. माथा उडवला की झाड घाबरून दोन महिन्यांत ढीगभर पालवी फोडतं आणि लोक म्हणतात, ‘बघा, कसं तरारलं!’ ती पालवी सालीलगत वरवर चिकटलेली असते. खालचं उघडं लाकूड कुजत जातं, वरचे फुटवे जड होत जातात आणि चार-पाच वर्षांनी तेच गाडीवर पडतात. धोका कमी करायच्या नावाखाली आपण तो पुढे ढकलून वाढवतो. एका वेळी हिरव्या पसाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नये. म्हाताऱ्या झाडाचं त्याहूनही कमी.

कापायचं कुठे, याला फार महत्त्व आहे. फांदी खोडाला मिळते तिथे जरा फुगीर कडं दिसतं. जखम बुजवणारी वाढ त्या कड्यातून होते. त्यामुळे कड्याच्या लगेच बाहेर कापायचं. खोडाला घासून कापलं तर कडं जातं, वीतभर खुंट सोडला तर खुंट कुजून आत पोकळी जाते. जड फांदी तीन कापांत उतरवतात. आधी थोडं बाहेर, खालून एक छेद. मग त्याच्या जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते. शेवटी उरलेला खुंट कड्यालगत. एकाच घावात फांदी तोडली की ती स्वतःच्या वजनाने खोडाची हातभर साल ओरबाडत खाली येते. जुन्या रस्त्यांवरच्या कितीतरी झाडांवर असे लांबोळके ओरखडे दिसतील.

तारांसाठी होणारी छाटणी हा वेगळाच विषय. तारा एका बाजूला, म्हणून दरवर्षी त्याच बाजूच्या फांद्या जातात. पाच-दहा वर्षांत झाडाचा सगळा भार दुसरीकडे. मग वाऱ्यात ते त्याच दिशेला झुकतं आणि बातमी येते की ‘झाड कोसळलं’. तारांच्या बाजूने कापलं असेल तेव्हा समोरच्या बाजूचंही थोडं वजन हलकं करून घ्या, आणि तारेकडे जाणारी फांदी मधेच तोडण्याऐवजी जिथून फुटली तिथून काढायला सांगा.

आता एक अडचण. एप्रिल-मे हा पावसापूर्वीच्या छाटणीचा मोसम आणि तोच पक्ष्यांच्या विणीचाही. पुण्यात राखी धनेश जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतो. मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. त्या दिवसांत ती फांदी उतरवली तर आतलं अख्खं कुटुंब संपतं. म्हणून शक्यतो हिवाळ्यातच पाहणी करून वाळक्या फांद्या काढून घ्याव्यात. मे महिन्यात करवत चालवायचीच तर आधी दहा मिनिटं खाली उभं राहून वर बघा, कुणी चोचीत फळ घेऊन येतंय का.

कापलेल्या जागेवर डांबर किंवा रंग लावू का? ढोली सिमेंटने भरू का?

दोन्ही नको. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं. डांबर लावलं की आत ओल कोंडते, बुरशीला तेच हवं असतं. आपल्याकडचे माळी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावतात. तिने बिघडत काही नाही, पण चुकीच्या जागी मारलेला काप तिने सुधारत नाही.

ढोलीत सिमेंट भरणं ही जुनी हौस. झाड वाऱ्यात लवतं, सिमेंट लवत नाही. त्यामुळे ते आतून घासत राहतं आणि मधल्या फटीत पाणी साचतं. खोडाचं मधलं लाकूड तसंही मृतच असतं. बाहेरची भिंत जाड आणि निरोगी असेल तर पोकळ झाड वर्षानुवर्षं उभं राहतं. त्यात पोपट, पिंगळे आणि धनेश राहतात, तो भाडेकरूंचा हक्क म्हणून सोडून द्या.

आमच्या घरासमोरचं झाड पडेल का?

खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, पण काही खुणा दिसल्या तर थांबू नका. नुकतं आलेलं कलणं ही पहिली. वर्षानुवर्षं तिरपं वाढलेलं झाड शेंड्याला सरळ होत जातं, त्याची भीती नको. काल सरळ होतं आणि आज कललंय, कलण्याच्या उलट बाजूला जमीन किंवा फरशी उचलली गेली आहे, माती भेगाळली आहे, तर लगेच कळवा आणि गाड्या हलवा. दुसरी खूण बुंध्याशी उगवलेली भूछत्रं, विशेषतः लाकडासारखी टणक, तपकिरी, वरून चकचकीत. ती मुळं कुजल्याची निशाणी, आणि वर झाड हिरवंगार असलं तरी मुळं नाहीत हे विसरू नका. तिसरी म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारखी दोन जाड खोडं, मधे दबलेली साल आणि त्याखाली उतरत गेलेली चीर.

जातीचाही भाग असतो. गुलमोहर मादागास्करचा, दिसायला राजबिंडा, लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. पेल्टोफोरम, म्हणजे पिवळा गुलमोहर, आणि सुबाभूळही वादळात लवकर हार मानतात. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतून आलेला, त्याची छत्री अवाढव्य असते आणि आडव्या फांद्या पावसात भिजून भयंकर जड होतात. ‘परदेशी आहेत, तोडून टाका’ असा याचा अर्थ काढू नका. जंगली महाराज रस्त्यावरून मे महिन्याच्या दुपारी एकदा चाला, मग बोलू. त्यांच्यावर लक्ष जास्त ठेवायचं, एवढाच अर्थ.

झाड पडलंच तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. तारा तुटल्या असतील तर जवळ जाऊ नका.

बुंध्यावर वाळवी चढली आहे. आणि ते बांडगूळ?

वाळवीची माती सालीवर दिसली की घाबरगुंडी उडते. बहुतेक वेळा ती वरची मेलेली साल खात असते. झाडूने माती झटका, आत ओली जिवंत साल असेल तर पुरे. वारंवार येत असेल तर आत कुठेतरी मेलेलं लाकूड आहे, ते शोधा. बुंध्याच्या भोकातून लाकडाचा भुसा पडत असेल तर तो खोडकिडा. त्यासाठी उद्यान विभागाकडून माणूस बोलवा, आपण भोकात रॉकेल ओतू नये.

बांडगूळ खरोखर त्रासदायक. फुलटोचा पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीला पुसतो, तिथेच ते रुजतं. त्याची मुळं यजमान फांदीच्या लाकडात घुसतात. त्यामुळे वरवर ओढून काढलं की पुन्हा फुटतं, फांदी बांडगुळाच्या सांध्याच्या फूटभर खालून काढावी लागते. झाडाच्या बेचक्यात उगवलेल्या पिंपळाला लोक बांडगूळ म्हणतात. तो पिंपळ रस शोषत नाही, पण मोठा झाल्यावर यजमानाला वेढून टाकतो. तो लहान असतानाच काढा.

कडुनिंबाचे शेंडे भाजल्यासारखे तपकिरी होऊन वाळताना दिसतात. २०२१-२२ च्या सुमारास तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकात याची मोठी लाट होती, आपल्याकडेही झाडं वाळली. बुरशी आणि चहावरचा ढेकण्या यांचं ते संगनमत. सुदैवाने मोठा कडुनिंब पाऊस झाल्यावर बहुधा पुन्हा पालवतो. वाळका दिसला म्हणून लगेच तोडायची परवानगी मागू नका. पर्जन्यवृक्षावर पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. मुंबईत गेल्या दशकात यामुळे बरेच पर्जन्यवृक्ष वाळले. हा ढेकूण अशक्त झाडावर जास्त बळावतो, म्हणजे पुन्हा आळं आणि पाणी.

पाणी किती आणि कधी?

नवीन रोपाला पहिली तीन वर्षं, जानेवारीअखेरपासून पाऊस लागेपर्यंत, आठवड्यातून दोनदा, दर वेळी एक बादली. रोज तांब्याभर घालू नका, त्याने मुळं वरच राहतात. भांड्याला बारीक भोक पाडून बुंध्यापासून वीतभर लांब ठेवलं की पाणी सावकाश मुरतं. मोठ्या झाडाला आपण पाणी घालतच नाही. पण खोदाई झालेल्या किंवा काँक्रीटमध्ये अडकलेल्या झाडाला एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी मिळालं तर त्याला उन्हाळा निभावून नेता येतो. एसीचं पाणी चालतं. साबणाचं, मिठाचं, वडे तळलेल्या तेलाचं आणि चहाच्या टपरीवरचं उकळतं पाणी चालत नाही.

पालापाचोळा किती साठतो! जाळू नये तर काय करू?

झाडाखालीच पसरा, तीन-चार बोटं जाडीचा थर, बुंध्याला न टेकवता. माती थंड राहते, ओल टिकते, पुढच्या वर्षीचं खत तयार होतं. सकाळी झाडून बुंध्याशी ढीग करायचा आणि काडी लावायची, या सवयीने कितीतरी झाडांची एका बाजूची साल भाजून मेली आहे. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. पाचोळा फारच असेल तर पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा गट आहे, ज्याच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्याला बागेसाठी हवी आहेत अशांची गाठ तो घालून देतो. गच्चीवर बाग करणारी माणसं पोती भरून नेतात.

सणावारांनी झाडांना त्रास होतो, असं म्हटलं की लोक चिडतात. खरं काय?

वटपौर्णिमेला गुंडाळलेलं सुती सूत पावसात कुजून जातं, त्याची चिंता नको. नायलॉनचा दोरा असेल तर दुसऱ्या दिवशी कापा. खरा प्रश्न मंडईत विकायला येणाऱ्या वडाच्या फांद्यांचा आहे. ज्या झाडाला दीर्घायुष्य मागायचं त्याचाच हात मोडून घरी आणायचा, हे सत्यवानालाही पटलं नसतं. बुंध्याच्या बेचक्यात पेटता दिवा किंवा उदबत्ती खोचू नये, एवढंही पाळलं तरी बरंच.

दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचन ओरबाडला जातो, पानं जुळी दिसतात म्हणून. गणपतीत मांडवाचे खांब झाडाच्या आळ्यातच रोवतात आणि दोर फांद्यांना ताणून बांधतात. कार्यकर्त्यांना आधी भेटून सांगितलं तर ऐकतात असा अनुभव आहे, विसर्जनाच्या रात्री सांगितलं तर नाही. दिवाळीची रोषणाई सैल गुंडाळा आणि तुळशीच्या लग्नानंतर उतरवा. वर्षभर ठेवलेल्या माळा खोडात रुततात.

फांदी तोडायला खरंच परवानगी लागते? झाड माझ्या आवारात आहे.

लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ खासगी आवारालाही लागू आहे, आणि त्यात झाड तोडणे या शब्दात जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. अर्ज उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. झाड पूर्ण तोडायचं असेल तर वर्तमानपत्रात सूचना येते आणि झाडावर नोटीस लावतात. तुमच्या रस्त्यावर अशी नोटीस दिसली तर फोटो काढा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. तोंडी हरकतीला काही किंमत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावण्याची अट आणली. कागदावर हे चांगलं आहे. पण पन्नास रोपं लावली म्हणून त्या रस्त्याला पुढची वीस-पंचवीस वर्षं सावली मिळत नाही.

रात्रीत कुणी बुंध्याची साल काढली, भोकं पाडून ॲसिड ओतलं असं दिसलं तर हात न लावता फोटो घ्या, उद्यान विभागाला पंचनामा करायला लावा आणि पोलिसांत अर्ज द्या.

रस्त्याच्या कडेला नवीन काय लावू?

वर बघा. तारा असतील तर कांचन, बहावा, ताम्हण यांच्यापलीकडे जाऊ नका. तारा नसतील आणि फूटपाथ रुंद असेल तर कडुनिंब, करंज, बकुळ. बकुळ सावकाश वाढते, पण लाकूड चिवट आणि सावली दाट. वड-पिंपळ हवेतच, पण मैदानात, नदीकाठी, चौकातल्या मोठ्या बेटात. आठ फुटी फूटपाथवर लावलेला वड म्हणजे पंचवीस वर्षांनंतरच्या भांडणाची तजवीज. बॉटल पाम झाड म्हणून मोजू नये, अशी माझी विनंती.

खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल. मुरूम काढून टाका, माती आणि शेणखत भरा. रोप सहा-आठ फुटी असावं, त्याहून लहान रोप गाई, स्कूटर आणि पार्किंग यांतून वाचत नाही. लावताना प्लॅस्टिकची पिशवी काढा. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. आधाराची काठी दोन पावसाळ्यांनंतर काढायची, ट्री गार्ड खोडाला टेकायच्या आत.

रुंदीकरणात जाणारी झाडं उचलून दुसरीकडे लावतात. ती जगतात का?

वड, पिंपळ, उंबर यांचं जमू शकतं. मोठे पर्जन्यवृक्ष, कडुनिंब, गुलमोहर यांचं कठीण. झाड उचलताना मुळांचा जो गोळा सोबत येतो त्यात मूळसंभारातला अगदी थोडा भाग असतो, उरलेला जुन्या जागीच राहतो. नीट करायचं तर काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने चर घेऊन गोळ्यात नवी मुळं फुटू द्यावी लागतात, फांद्या हलक्या कराव्या लागतात आणि नव्या जागी किमान दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. एका रात्रीत क्रेनने उचलून टेकडीच्या पायथ्याशी उभं केलेलं झाड पहिल्या पावसाळ्यात पालवतं, फोटो छापून येतात. त्याची खरी परीक्षा दुसऱ्या उन्हाळ्यात असते. म्हणून पुनर्रोपणाला होकार देण्याआधी लेखी विचारा : झाड नेमकं कुठे जाणार, पाण्याचा टँकर कुणाचा, किती वर्षं येणार, आणि दुसऱ्या मे महिन्यात ते बघायला कोण जाणार.